2023 मधले हिंदीतले माझे आवडते अभिनय, आणि एडिटर म्हणून मी ते कसे बघते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की 2023 च्या सिनेमांसाठी बेस्ट अ‍ॅक्टरचं नॅशनल अवॉर्ड शाहरुख खान आणि विक्रांत मेस्सी यांना विभागून मिळालं, बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं राणी मुखर्जीला मिळालं, त्यावरून मित्रांमध्ये जोरात वाद झाला, आणि वाद झाल्यावर तुमच्या लक्षात आलं की चांगला अभिनय म्हणजे नक्की काय बघायचं हेच कुणाला सांगता येत नाहीये. त्या वर्षातले माझे आवडते अभिनय कोणते, आणि एकच नाव घ्यायचं झालं तर कोणतं, असंही विचारलंय. एका नावावर शेवटी येते.

मी एडिटर आहे, वीसेक वर्षं झाली या कामात. सिरियल, जाहिराती, वेब सिरीज, थोडे मराठी आणि हिंदी सिनेमे. खाली ज्या सिनेमांबद्दल लिहितेय त्यातल्या एकावरही मी काम केलेलं नाही, त्यामुळे त्यांचे रशेस, म्हणजे शूट केलेलं न कापलेलं फुटेज, मी बघितलेले नाहीत, तुमच्यासारखाच फायनल कट बघितलाय. हे आधी सांगणं गरजेचं आहे, कारण पडद्यावर दिसणारा अभिनय हा नटाने दिलेल्या कामातून दिग्दर्शक आणि एडिटरने निवडलेला भाग असतो आणि पाच टेकमधला कुठला घेतला, कुठे कापला, कुठे दोन सेकंद जास्त थांबलो, यावर तोच नट साधारण किंवा ग्रेट दिसू शकतो. हे मी स्वतःच्या हाताने दोन्ही बाजूंनी केलेलं आहे.

तुमच्या वादात मला वाटतं खरी अडचण अशी झाली की दोन वेगळे प्रश्न एकत्र आले. रोल चांगला होता का, हा एक. त्या रोलचं नटाने काय केलं, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन टाकतात. गरीब घरातला मुलगा, मुलं हिरावून घेतलेली आई, अन्यायाविरुद्ध एकटा लढणारा वकील, हे रोल कागदावरच अर्धी लढाई जिंकून आलेले असतात, वरून बॅकग्राउंड म्युझिक असतं, आणि आपल्या डोळ्यात पाणी आलं की आपण त्याचं सगळं क्रेडिट नटाला देतो. तसंच वजन कमी केलं, केस काढले, बोली शिकली, या गोष्टींचं. ती मेहनत आहे आणि तिचा मला मनापासून आदर आहे पण ती तयारी झाली, कॅमेरा चालू झाल्यावर काय होतं ते त्याच्या पुढचं.

मग बघायचं काय? माझी पद्धत सांगते, ती कामातूनच आलीये.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सिरीजवर एक प्रमुख नट होता, पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, प्रत्येक टेक सारखा, सेटवर सगळे त्याच्यावर खूश. एडिटला बसले तेव्हा कळलं की समोरच्याच्या वाक्यावर त्याचा चेहरा मला वापरताच येत नाहीये. समोरचा बोलत असताना तो फक्त आपल्या क्यूची वाट बघायचा, डोळ्यात ते स्पष्ट दिसायचं. शेवटी 'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधीचे, तो सहज कुठेतरी बघत उभा होता ते तुकडे उचलून मी त्याच्या रिअ‍ॅक्शन म्हणून लावले आणि लोकांना त्या आवडल्यासुद्धा. त्याच सिरीजमध्ये मोलकरणीच्या रोलमध्ये एक बाई होत्या, एपिसोडला दोन-तीन वाक्यं. पण घरातलं कुणीही बोलत असलं की त्यांच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचलेलं दिसायचं, कुठलं वाक्य टोचलं, कुठलं त्यांनी सोडून दिलं, सगळं. मी आपोआप त्यांच्यावर कट करत गेले. प्रसंग दुसऱ्यांचे होते पण प्रेक्षकाला ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजत होते.

तेव्हापासून मी आधी हे बघते की वाक्य दुसऱ्याचं असताना नट काय करतो. दुसरं म्हणजे कट नसलेल्या जागा शोधते. क्लोज-अपमध्ये आम्ही खूप काही वाचवू शकतो, पण दोघं एकाच फ्रेममध्ये असतील आणि शॉट लांब चालला असेल तर तिथे वाचवायला आम्ही नसतो, तिथे जे दिसतं ते नटांचंच. आणि तिसरं, एकाच नटाची एकाच वर्षातली दोन कामं शेजारी ठेवून बघते, त्यात सवय किती आणि निवड किती ते लगेच कळतं. अर्थात ही एका एडिटरची पद्धत आहे. नाटकवाल्या माणसाला विचाराल तर तो आधी आवाज ऐकेल आणि कास्टिंगवाला कदाचित वेगळंच काही सांगेल.

या तिसऱ्या गोष्टीसाठी 2023 फार छान वर्ष होतं, कारण मनोज बाजपेयीचे तीन मोठे रोल त्या एका वर्षात आले. मार्चमध्ये 'गुलमोहर', मे महिन्यात 'सिर्फ एक बंदा काफी है', डिसेंबरमध्ये 'जोरम'. पैकी 'बंदा'मधलं शेवटचं लांबलचक भाषण सगळ्यांनी शेअर केलं, आणि ते चांगलं आहेच, पण माझ्यासाठी तो रोल तिथे घडत नाही. त्यातला वकील सोलंकी समोर मोठमोठे नामांकित वकील उभे राहिले की आदराने थोडा दबतो, खांदे आत जातात, बोलताना घाई होते आणि त्याच दबलेल्या शरीराने तो त्यांचे मुद्दे खोडत जातो. भीती गेली म्हणून धीट झाला असं कुठे होत नाही, भीती असतानाच काम चालू राहतं. हे वाक्यांमध्ये लिहिलेलं नसतं, हे नटाने आणलेलं असतं. 'गुलमोहर'मध्ये तोच माणूस दिल्लीतला सुखवस्तू बाप आहे, घर विकलं गेलंय, सगळे आपापल्या वाटेने जाणार, मुलगा वेगळा राहायला निघालाय, आणि हा ते सगळं पटल्यासारखं ऐकतो पण मान हलवताना अर्धा सेकंद उशीर करतो. तो अर्धा सेकंद कापायचा मोह एडिटरला होतो, कापला नाही हे फार बरं केलं. त्यात शर्मिला टागोर आणि अमोल पालेकर आहेत, दोघांनीही आवाज न चढवता काम केलंय, आणि पालेकरांचा कडवटपणा तर इतका सभ्य आहे की जास्त लागतो.

'जोरम' मात्र वेगळ्याच पातळीवर आहे. झारखंडमधून मुंबईत येऊन बांधकामावर मजुरी करणारा दसरू, तीन महिन्यांची मुलगी कापडाने अंगाला बांधून पळतोय, मागे पोलीस. संवाद जवळजवळ नाहीतच. तान्हं बाळ सोबत असताना नटाला अभिनयाची सोयच उरत नाही कारण बाळ काय करेल ते कुणाच्या हातात नसतं, मूल कळवळलं तर पळतापळता हात तिकडे जायला हवा आणि तो जातो, दरवेळी, विचार न करता. हात आधी पोचतो आणि डोळे अजून मागच्या माणसावर असतात. मी तो सिनेमा दुसऱ्यांदा फक्त त्याच्या हातांसाठी बघितला. आणि त्यात स्मिता तांबेने केलेली फुलो कर्मा, आदिवासी आमदार, सूडाने पेटलेली आई, जी कुठेही पेटलेली दिसत नाही. ती थंड बसून असते आणि समोरच्याला घाम फुटतो. मोहम्मद झीशान अय्यूबचा मुंबई पोलीसवाला रत्नाकर बागुलसुद्धा, झोप न झालेला, थकलेला, हळूहळू आपण नक्की कुणाच्या मागे लागलोय हे कळत जाणारा. हे तिन्ही अभिनय फार कमी लोकांनी बघितले याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी जोडी जयदीप अहलावतची. सप्टेंबरमध्ये 'जाने जान', नोव्हेंबरमध्ये 'थ्री ऑफ अस'. 'जाने जान'मधला नरेन गणिताचा मास्तर आहे, शेजारणीवर जीव जडलेला, आणि त्याचं अंग त्याला स्वतःलाच नकोसं झालंय हे दारात उभं राहण्याच्या पद्धतीवरून कळतं. एवढा उंचापुरा माणूस जागा कमी व्यापायचा प्रयत्न करतो. त्यात विजय वर्मासोबतचे प्रसंग आवर्जून बघा, दोघं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे (एफटीआयआय) बॅचमेट, आणि सिनेमातही कॉलेजपासूनचे ओळखीचेच आहेत, त्यामुळे असेल कदाचित पण एकमेकांचं ऐकण्यात जो आराम आहे तो सेटवर दोन दिवसांत येत नाही. विजय वर्मा हसत हसत चौकशी करतो आणि जयदीप उत्तर देण्याआधी ते हसणं खरं आहे का ते तपासतो.

विक्रांत मेस्सीकडे येते, कारण तुमचा वाद तिथेच होता. 'ट्वेल्थ फेल' ऑक्टोबरच्या शेवटी आला आणि लोकांच्या तोंडी चालत राहिला. रोल कागदावरच जबरदस्त होता हे खरं, चंबळमधला मनोज नावाचा बारावी नापास मुलगा आयपीएस होतो, यात कुणालाही सहानुभूती मिळाली असती. मग विक्रांतचं काय? माझ्या मते त्याने त्या मुलाला हुशार दाखवायची घाई केली नाही. गावातला मनोज आणि शेवटी इंटरव्ह्यूला बसलेला मनोज यांच्यात फरक आहे, पण तो कुठे झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि सिनेमा तुकड्यातुकड्यात, उलटसुलट क्रमाने शूट होत असतो हे लक्षात घेतलं तर हे किती अवघड आहे ते कळेल. पिठाच्या गिरणीत पूर्ण पांढरा झालेला असताना श्रद्धा भेटायला येते तो प्रसंग परत बघा. त्याला लाज वाटतेय पण लाज लपवायची नाहीये, दोन्ही एकाच वेळी, आणि पिठामुळे चेहऱ्याचा अर्धा उपयोग गेलेलाच आहे, उरतात डोळे. निकालाच्या प्रसंगात तो कोसळतो ते सगळ्यांना आठवतं, मला गिरणी जास्त आठवते. श्रद्धा झालेली मेधा शंकर त्या प्रसंगात जशी बघते त्याने त्याचं अर्धं काम होतं, हेही लिहायला हवं.

आणि त्याच सिनेमात प्रीतम पांडे करणारा अनंत जोशी. हाच मुलगा त्याच वर्षी 'कटहल'मध्ये हवालदार होता, सान्या मल्होत्रा इन्स्पेक्टर, हा तिच्या हाताखाली आणि दोघांचं प्रेम. त्यात ती वरिष्ठ पण समाजाच्या हिशोबाने खालच्या जातीची, तो हुद्द्याने खाली पण जातीने वरचा. हा सगळा ताण सान्याने फक्त उभं राहण्यातून दाखवलाय, युनिफॉर्ममध्ये एक मान, घरातल्या कपड्यात दुसरी. सिनेमा विनोदी आहे, आमदाराच्या झाडावरचे दोन फणस चोरीला जातात, म्हणून लोकांनी हलक्यात घेतला. नंतर त्याला बेस्ट हिंदी फिल्मचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते फार योग्य झालं. विनोदी सिनेमातला अभिनय आपल्याकडे मोजलाच जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. 'रॉकी और रानी की प्रेम कहानी'मधला रणवीर सिंगसुद्धा याच कारणाने राहून जातो. तो रोल जरासा घसरला असता तर नुसती नक्कल झाली असती, पण त्याने रॉकीला आपण मूर्ख दिसतोय याचं दुःख दिलंय, रानीच्या आईसोबत दुकानात जातो तेव्हा त्याचा संकोच खरा आहे, त्यामुळे पुढे तो शिकतो तेही खरं वाटतं.

राणी मुखर्जी. इथे माझं मत थोडं अडखळतं, तसंच लिहिते. 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे'मध्ये काम मोठ्या आवाजाचं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते मला जास्त वाटलं, म्युझिकही तिच्यासोबत ओरडतं. पण एक मुद्दा तुमच्या मित्रांना सांगा, त्या बाईची मुलं नॉर्वेचं सरकार काढून नेतं आणि तिच्यावर आरोपच असा आहे की ती अस्थिर आहे, म्हणजे ती जितकी जोरात बोलेल तितकी ती समोरच्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरते. हे राणीला माहीत आहे. सुरुवातीला मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीमागे ती धावते, पडते, तिथे सौंदर्याचा, नीटनेटकेपणाचा विचार जराही नाही. मी दिलं नसतं अवॉर्ड, मी 'थ्री ऑफ अस'साठी शेफाली शाहला दिलं असतं, पण दिलं म्हणून अन्याय झाला असंही मला वाटत नाही. 'मिसेस चॅटर्जी' आला त्याच दिवशी, 17 मार्चला, 'झ्विगाटो' पण रिलीज झाला होता आणि तो कुणाच्या लक्षातही नाही. त्यात कपिल शर्माने स्वतःचं सगळ्यात मोठं हत्यार, म्हणजे टायमिंग, बाजूला ठेवलंय. भुवनेश्वरमधला डिलिव्हरी करणारा माणूस, बोलताना एक क्षण उशिरा बोलतो कारण समोरच्याला राग येईल का याचा अंदाज घेत असतो. शहाना गोस्वामी त्याची बायको, ती तर त्याच्याही पुढे.

शाहरुखबद्दल. 'जवान'मध्ये काम वेगळ्या जातीचं आहे. अख्खा सिनेमा वेगवान कट आणि स्लो मोशनवर उभा आहे, त्यामुळे माझी कट नसलेल्या जागांची पद्धत तिथे लागूच होत नाही. स्टारचं काम म्हणजे फ्रेममध्ये आल्याआल्या हजार लोकांचं थिएटर आपल्याकडे ओढणं आणि ते ओढलेलं सुटू न देणं, हे प्रत्येकाला जमत नाही, त्यालाही कसब लागतं. बाप आणि मुलगा दोन्ही रोल त्याचेच, आणि म्हाताऱ्या बापात, विक्रम राठोडमध्ये, तो मुलाच्या रोलपेक्षा संथ होतो, कमी हलतो, आणि तेवढ्यानेच दोन वेगळी माणसं उभी राहतात. माझ्या यादीत तो नाही, पण "त्यात अभिनय कुठेय" हे म्हणणं मला पटत नाही.

'सॅम बहादूर' आणि 'अ‍ॅनिमल' एकाच दिवशी आले, 1 डिसेंबरला. 'सॅम बहादूर'मध्ये विकी कौशलने फील्ड मार्शल माणेकशॉंची चाल, आवाज, मान तिरकी ठेवणं, सगळं इतकं पकडलंय की बघत राहावं, फक्त सिनेमा त्याला कुणाचं ऐकायला फार वेळ देत नाही, एक प्रसंग संपला की पुढचा, त्यामुळे माणसापेक्षा चित्र जास्त लक्षात राहतं. यात दोष लिखाणाचा, त्याचा नाही. 'अ‍ॅनिमल'मध्ये बायकांना जसं वागवलंय ते मला सहन होत नाही आणि मी तो परत बघणार नाही. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्या प्रसंगात मुलगा बापाला म्हणतो की आता तुम्ही मी व्हा, मी तुम्ही होतो, त्यात रणबीर कपूर उत्तम आहेच, पण प्रसंग पेलून धरलाय अनिल कपूरने. त्याला फक्त ऐकायचं आहे, आणि आपण काय केलं हे त्याला समजत जातं तसतसा त्याचा चेहरा खचत जातो. बॉबी देओलचा मुका अबरार सगळ्यांना आवडला, रोल लहान होता, शब्दच नव्हते म्हणून त्याला अंगाने बोलावं लागलं.

आता 'थ्री ऑफ अस', आणि तुमचं एक नाव. अविनाश अरुणने स्वतः शूटही केलेला सिनेमा, 3 नोव्हेंबरला आला. मुंबईत नोकरी करणारी शैलजा, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीये, सगळं पुसलं जायच्या आधी तिला वेंगुर्ल्याला जायचंय, जिथे लहानपणीची काही वर्षं गेली. तिथे प्रदीप कामत आहे, शाळेतला मित्र, आता बँकेत आहे, तो जयदीप अहलावत. 'जाने जान' आणि हा, दोन महिन्यांच्या आत, आणि तोच उंचापुरा माणूस इथे आपल्या अंगात अगदी मजेत आहे. शेफाली शाहबद्दल एवढंच सांगते की विसरणं ही गोष्ट दाखवायला फार सोपी आणि खोटी करता येते, रिकामी नजर लावली की झालं. तिने तसं केलेलं नाही. ती आठवायचा प्रयत्न करते, आणि न आठवलेलं लपवायला छोटंसं हसते. ते हसू समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून आहे. आकाशपाळण्यातल्या प्रसंगात ती आणि जयदीप एकमेकांचं ऐकतात, तिथे शॉट घाई करत नाही, बघा. आणि प्रदीपच्या बायकोच्या रोलमध्ये कादंबरी कदम, जिला मत्सर वाटू शकला असता आणि तिने कुतूहल निवडलं.

पण माझं एक नाव स्वानंद किरकिरे. शैलजाचा नवरा दीपंकर. इन्शुरन्सवाला, साधा, थोडा जास्त बोलणारा. वेंगुर्ल्याच्या या प्रवासात त्याला कळतंय की बायकोचं एक अख्खं आयुष्य त्याला माहीतच नव्हतं आणि ते आयुष्य आता तिच्याकडूनही जाणार आहे, म्हणजे त्याला ते कळायला उशीर झालाय. या रोलला मोठा प्रसंग नाही, लोकांना शेअर करता येईल असं भाषण नाही. तिघं सोबत फिरतात, ते दोघं जुन्या गोष्टी काढतात आणि हा बाजूला असतो. मी एडिटर म्हणून तिथे बघत होते की कट कुठे जातोय, आणि कट त्याच्याकडे जात होता कारण बोलणं त्या दोघांचं असलं तरी घडत होतं त्याच्या चेहऱ्यावर. आधी ओळखीचं हसू, मग ते हसू तसंच ठेवून डोळे खाली, मग बायको खूश आहे हे बघून परत वर. लोक त्यांना गीतकार म्हणून ओळखतात, 'चुंबक' या मराठी सिनेमासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं नॅशनल अवॉर्ड आधीच मिळालंय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तर मित्रांसोबत परत वाद घालायच्या आधी एकदा 'थ्री ऑफ अस' लावा, आणि शेफाली आणि जयदीप बोलत असताना जिथे जिथे दीपंकर फ्रेममध्ये आहे, मग तो कोपऱ्यात का असेना, तिथे फक्त त्याच्याकडे बघा. मग त्याच आठवड्यात 'जोरम'. दोन्ही बघून झाले की लिहा तुम्हाला काय दिसलं, मला खरंच वाचायचंय.